तान्ह्या पोळ्यातली मोटार

पिपरी मेघेतल्या धनंजयला कोणी वेडा म्हणत नसे. तो वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणणाऱ्या माणसाला आपल्याकडे वेडा म्हणत नाहीत, शौकीन म्हणतात. त्याचा शौक असा, की तो जुन्या मोटारींची प्लास्टिकची किट गोळा करायचा. किट म्हणजे काय, हे सांगता सांगता बिचाऱ्याची हयात गेली. पुठ्ठ्याचा डबा, डब्यावर मोटारीचं झोकदार चित्र, आणि आत मोटार नाहीच. आत तिचे बारीक बारीक भाग, तुरीच्या फांदीला शेंगा लागाव्यात तसे प्लास्टिकच्या फ्रेमला लागलेले. एकेक तोडायचा, घासायचा, गोंदाने जोडायचा, रंगवायचा, की वीतभर मोटार तयार.

आता गंमत ऐका. हा गडी त्यातली एकही मोटार जोडत नसे.

तरुणपणी दोन-चार जोडल्या होत्या, आणि छान जोडल्या होत्या. पण पुढे त्याला नाद लागला तो बंद डब्यांचा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी विलायतेत बनलेली, कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली, कोणाचा हात न लागलेली किट. मुंबईचा चोरबाजार म्हणू नका, पुण्याचा जुना बाजार म्हणू नका, मोबाइलवरचे ग्रुप म्हणू नका, सगळीकडे त्याची नजर भिरभिरत असायची. एखादा डबा हाती आला की तो कानाशी धरून हळूच हलवायचा, आणि त्याच्या तोंडावर असं काही समाधान पसरायचं की बायको सुरभी म्हणायची, "माह्याकडे कधी असं पाह्यलं नाई तुमी." बैठकीतलं काचेचं कपाट डब्यांनी गच्च भरलेलं. पाहुण्यांची पोरं त्याकडे बोट दाखवून "उघडा ना" म्हणाली की हा कपाटाला आडवा उभा राहायचा.

"उघडला की मेला," तो म्हणायचा. "कोनाचा हात लागला का त्यात काही राह्यत नाई."

"लोणच्याची बरणी असती तं निदान कामी आली असती," सुरभी म्हणायची आणि पोळ्या लाटायला निघून जायची.

त्या कपाटात मधल्या फळीवर एक जागा मात्र त्याने रिकामी ठेवली होती. ती होती एका लाल, उघड्या टपाच्या, दोन माणसांपुरत्या विलायती मोटारीची. शाळेत असताना नागपूरला, सीताबर्डीवरच्या एका दुकानाच्या काचेत त्याने तो डबा पाहिला होता. वडील बियाणं घ्यायला निघाले होते, त्यांनी दंडाला धरून पुढे ओढलं. बस, एवढंच. पण तेवढ्यानं माणूस जन्मभराचा कामाला लागला. मध्ये एकदा चोरबाजारात त्याच मोटारीचे सगळे भाग मिळाले, पण नुसतेच, एका पिशवीत, बिनडब्याचे. त्याने ते घेतले आणि खणात टाकून दिले. डबा नाही तर काय उपयोग, असं त्याचं म्हणणं.

श्रावण लागला आणि एक दिवस भैयाजीचा फोन आला. भैयाजी त्याचा शाळेतला दोस्त, कारंज्याला हायवेवर ढाबा चालवतो.

"अबे धन्या, तुह्यावाला डबा पाह्यला म्या आज. लाल मोटार, बिनटपाची. आमच्या ढाब्यावर भाजी देते ना थे आनंदाबाई, तिच्या घरी."

धनंजय उभ्याचा खाली बसला. "बंद आहे का?"

"बंदच दिसला. पन ठेवला कुठं आहे मालूम? देवाजवळ."

"देवाजवळ? काऊन?"

"थे तूच येऊन इचार बाप्पा. मले तं तिले इचाराची हिंमत नाई झाली."

पुढच्या रविवारी धनंजय आर्वीला एसटी बदलून कारंज्याला उतरला. आनंदाबाईचं घर गावाच्या कडेला, भाजीच्या वाडीला लागून. सत्तरीची बाई, ताठ कण्याची, पोत्यावर बसून पालकाच्या जुड्या बांधत होती. नवरा रामाजी जाऊन बरीच वर्षं झालेली. वाडी आता पुतण्या करायचा, पण भाजी निवडायला आणि बांधायला हिचेच हात लागत. भैयाजीनं नाव सांगितलं, ओळख करून दिली आणि ढाबा उघडा टाकून आलो म्हणत सटकला.

"पाह्याची आहे थे मोटार? पाहा ना," आनंदाबाई म्हणाली. "पाय धुऊन या फक्त."

देवाच्या पाटाशेजारी चाकांचा एक छोटा लाकडी नंदीबैल होता आणि त्याच्याशेजारी तो डबा. तेच चित्र! समुद्राकाठचा रस्ता आणि त्यावरून धावणारी लाल मोटार. रंग जरा उतरला होता, कोपरे मात्र शाबूत. त्याने डबा असा उचलला, जणू बाळंतिणीच्या कुशीतलं मूल उचलतोय. एका टोकाचं झाकण पाहिलं. कारखान्याचा गोंद जसाच्या तसा. दुसऱ्या टोकाला, ज्या बाजूला चित्रातल्या मोटारीचं तोंड होतं, तिथे मात्र हळदीकुंकवाचे थरावर थर चढून पोपडा धरला होता. मोटारीची पूजा करायची तर तिच्या तोंडाकडूनच करणार ना. खालचं झाकण दिसतच नव्हतं. एरवी धनंजयने डोळ्याला भिंग लावून कण न् कण तपासला असता. पण कुंकवाला नख लावायला त्याचा हात धजला नाही. शेवटी तोही शेतकऱ्याच्याच घरचा. एक टोक बंद आहे म्हणजे दुसरंही असणार, असं तो धरून चालला.

"माह्या नयनची आहे थे," मागून आनंदाबाई म्हणाली. "माहं पोरगं. एकच होतं."

मग तिनं सांगितलं. आवाज कुठं कापला नाही, जुड्या बांधायचंही थांबलं नाही.

"त्याचा मामा मस्कतले होता, त्यानं धाडली. सांगून पाठवलं का मी दिवाळीले येईन तवा दोघं मिळून जोडू, तवरिक उघडू नोका. गोंद डोयात गेला तं? बारके तुकडे हरपले तं? म्या डबा वरच्या फळीवर ठेवून देल्ला. नयनचं आपलं एकच. आई, तान्ह्या पोळ्याले नेतो ना वं. सगळे बैल आनते, मी मोटार नेतो."

वर्ध्याकडच्या माणसाला तान्हा पोळा सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो. गावातली सगळी लेकरं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत मैदानात आणतात, रांगेत उभे करतात. समोर बांधलेलं तोरण तुटतं, मग पोरं घरोघर जातात, बैलाला कुंकू लागतं आणि पोराच्या हातावर खाऊ पडतो. लेकरांना दिवाळीपेक्षा तो दिवस मोठा. त्या रांगेत मोटार घेऊन उभं राहायचं म्हणजे काय ऐट, ते तुम्हीच समजून घ्या.

"लय मागं लागला," आनंदाबाई म्हणाली. "जेवेना. म्या नाईच म्हनलं. एकदा मारलंबी. मंग एक दिवस त्यानं मागनंच सोडलं. नाव काढेना मोटारीचं. मले वाटलं, समजलं लेकराले. शेजारच्या बायायले सांगत जाओ मी, का पाहा, माहं पोरगं कसं गुनी आहे. घरात मोटार आहे पन हात लावत नाई." तिनं जुडीची गाठ दातानं ओढली. "पोळा चार दिसावर होता. ताप आला अन् डोक्यात गेला. रात उलटली नाई."

धनंजयने डबा छातीशी धरला.

"न खेळता गेलं हो लेकरू. घरात मोटार होती अन् न खेळता गेलं. देवानं नेलं त्याचं मी काई म्हनत नाई, देवाले कोन इचारते. पन हात लावू नोको म्हननारी मीच ना? चाळीस वर्सं झाले, दर तान्ह्या पोळ्याले कुंकू लावतो तिले, अन् दर साली तेच आठोते."

धनंजयला गलबलून आलं. खोटं कशाला सांगू, खरंच आलं. पण हातातला डबा काही त्यानं खाली ठेवला नाही.

त्यानं चाचरत विषय काढला, की विकत द्याल का. आनंदाबाईनं मान हलवली.

"इकत देऊन काय करू? भैयाजी म्हने तुमाले हे काम येते. येत असन तं जोडून द्या मले. एक डाव थे मोटार तान्ह्या पोळ्यात जाऊ द्या. मंग मी मोकळी. माहं आता वय झालं भाऊ, पुढचा पोळा भेटते का नाई कोनाले माहीत."

"जोडतो ना काकू," धनंजय म्हणाला. "पण डबा... रिकामा डबा मी ठेवून घेतला तं चालन का?"

"डब्याचं काय करता?" तिला हसू आलं. "घ्या ना. मले मोटारीशी काम."

जोडतो म्हणताना तो खोटं बोलत होता का? तेव्हा त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पण आर्वीच्या स्टँडवर उतरेपर्यंत ठाऊक झालं होतं. खणातली ती पिशवी त्याला आठवली होती.

घरी आल्यावर त्यानं सुरभीला सगळं सांगितलं, आणि शेवटी बेतही सांगितला. पिशवीतले भाग जोडायचे, फर्स्टक्लास रंगवायचे, आणि ती मोटार म्हातारीला द्यायची. डबा आहे तसाच, बंद, कपाटात.

सुरभी भाजी चिरता चिरता थांबली. "म्हंजे तुमी तिले फसवणार."

"फसवणं कसलं त्यात? मोटार तीच. कंपनी तीच, साचा तोच. एका कारखान्यात एका दिवशी बनल्या असतील दोघी."

"पण थे तिच्या पोराची आहे का?"

"पोराची म्हणजे काय सुरभी? त्या पोरानं तं हातही लावला नव्हता तिला! तीच सांगते ना, न खेळता गेला म्हणून. मग ह्या डब्यातले तुकडे काय आणि त्या पिशवीतले काय. तिला मोटार पाह्यजे, मोटार भेटते. मला डबा पाह्यजे, डबा भेटते. कोणाचं काय गेलं?"

खरं सांगायचं तर बिनतोडच होतं त्याचं बोलणं. "तुमचं तुमी पाहा," एवढंच ती म्हणाली, आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली.

धनंजयनं मोटार मात्र जीव ओतून जोडली. इतक्या वर्षांनी हात लावला होता, तरी हात विसरला नव्हता. कॉलेजातून आलं की खिडकीशी बसायचं, एकेक भाग बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, दातकोरणीच्या टोकावर गोंद घ्यायचा. लाल रंगाचे हात मारले ते असे की आरशासारखं तोंड दिसावं. चाकं फिरत होती, स्टिअरिंग जागच्या जागी. मनाला टोचणी लागली होती ती अशी कामात विरून गेली. इतकी मेहनत घेतोय म्हणजे आपण काही वाईट करत नाही, असं माणसाला वाटू लागतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो स्वतः मोटार घेऊन कारंज्याला गेला.

आनंदाबाईनं ती दोन्ही हातांत घेतली आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं मोटार ताटात ठेवली, झेंडूचा हार घातला, पुढं दोरी बांधली आणि म्हणाली, "चला." धनंजयला वाटलं होतं, पुतण्याचं एखादं पोर घेऊन जाईल. तसलं काही नाही. म्हातारी स्वतः मैदानात गेली आणि पोरांच्या रांगेत उभी राहिली. एका बाजूला नऊ वर्षांचा पोरगा, दुसऱ्या बाजूला शेंबडं पोर, दोघांचे सजवलेले बैल, आणि मध्ये ही सत्तरीची बाई, हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला लाल मोटार. मागं उभ्या काही पोरी खिदळल्या. मग कोण्या म्हाताऱ्यानं त्यांना काहीतरी सांगितलं आणि त्या गप्प झाल्या. मग तोरण तुटलं. पोरं ओरडत निघाली. आनंदाबाईही निघाली, जपून, मोटार कलंडणार नाही अशी दोरी धरून. घरोघरच्या बायका बाहेर आल्या. पोरांच्या बैलांना कुंकू लावलं तसं तिच्या मोटारीलाही लावलं, आणि तिच्या हातावर चिवडा, बिस्किटं ठेवली. ती एकेक गोष्ट पदरात बांधून घेत होती. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

निघताना तिनं धनंजयला वांग्यांनी भरलेली थैली दिली. नको नको म्हटलं तरी दिली.

"भाऊ, तुमी माह्या नयनले पोळ्यात नेलं," ती म्हणाली. "तुमच्या लेकराबायायचं भलं होवो."

धनंजयनं मान वर केली नाही. थैली घेतली आणि एसटीत जाऊन बसला. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहायचंही टाळत होता.

भाद्रपदातल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर, त्यानं डबा स्वच्छ करायला घेतला. इतके दिवस तो तसाच कपड्यात गुंडाळून ठेवला होता, का कोण जाणे. आता कपाटातल्या त्या रिकाम्या जागी ठेवायचा, तर कुंकवाचा पोपडा काढायला हवा होता. मऊ ब्रशनं, ओलसर कापसानं, जपून, एकेक थर. वरचा मागच्या वर्षीचा असेल, खालचा त्याच्या आधीचा. हळद, कुंकू, पुन्हा हळद. कापसाचे बोळे लाल होत होते. शेवटी पुठ्ठा दिसला, झाकणाची कड दिसली, आणि धनंजयचा हात थांबला.

कड कारखान्यात चिकटवलेली नव्हती. कडेला पिवळट, वाळलेली, कसरीनं खाल्लेली रेघ होती. कणकेची खळ. पतंगाला लावतात ती.

डबा उघडलेला होता.

इथं मी काही लपवत नाही. त्या माणसाला पहिल्यांदा जो आला तो राग होता. फसलो, असंच वाटलं त्याला! ज्या डब्यासाठी आपण एका म्हातारीशी खोटं बोललो तो डबा बंद नव्हताच, याचा संताप. मग झाकणाखाली नख घातलं आणि खळ भुरुभुरु निघून आली. त्यानं डबा आडवा केला.

आतून मोटार निघाली.

पुरी नव्हे. निम्मीशी. फ्रेमला अजून कितीतरी भाग लटकलेले होते. पण अंग जोडलेलं होतं, वाकडं, एका बाजूला गोंद ओघळलेला. तीन चाकं बसवलेली. बॉनेटवर बेगडाच्या चमकीचा तुकडा डकवलेला, पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तो. आणि सगळ्या मोटारीला लाल रंग. पेंट कुठला असणार त्या पोराकडं? त्यानं हिंगूळ लावला होता. बैलाच्या शिंगांना लावायचा हिंगूळ, तेलात कालवून, बोटानं फासलेला, कुठं दाट, कुठं प्लास्टिकचा पांढरा रंग तसाच दिसतोय.

सुरभी पदराला हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली.

"त्यानं हात लावला होता," धनंजय म्हणाला.

तिनं काही सुनावलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त जवळ येऊन बसली.

त्यानं मोटार उजेडाकडं धरली. पुढची काच बसवताना पोराच्या बोटाला गोंद लागलेला असणार. हा गोंद प्लास्टिक विरघळवतो, एकदा बोट टेकलं की ठसा कायमचा. काचेच्या मधोमध ठसा उमटला होता, रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा. लहानसा. चवळीच्या दाण्याहून जरा मोठा असेल. धनंजयला एकदम हुंदका आला. पन्नाशीचा बाप्या, बायकोसमोर तोंड झाकून रडला.

मग चार-आठ दिवस असेच गेले. सांगायचं की नाही? म्हातारी सुखात आहे, तिची इच्छा पुरी झाली, मोकळी झाली ती. आता जाऊन सांगायचं, की बाई, तू रांगेत उभी राहिलीस ती दुसऱ्याच कोणाच्या मोटारीपायी? तो दिवस तिच्याकडून काढून घ्यायचा? गप्प बसण्यातच तिचं भलं आहे, असं तो मनाशी म्हणायचा, आणि मग त्याला दिसायचं की त्यात भलं त्याचंच जास्त आहे. पण खरं टोचत होतं ते वेगळंच. न खेळता गेलं, असं ती चाळीस वर्षं म्हणत आली होती. ते खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे साऱ्या जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्या दोघांतली सुरभी त्याच्याकडं रोज सकाळी चहा देताना पाहत होती.

"जाऊन येतो कारंज्याला," एक दिवस तो म्हणाला.

"जा," सुरभी म्हणाली. "अन् सगळं सांगजा."

आनंदाबाई अंगणात वांगी निवडत होती, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. धनंजयला पाहून तिला आनंद झाला. "या भाऊ, बसा," म्हणाली. दारातून देवाचा पाट दिसत होता. बैलाशेजारी ती लाल चकचकीत मोटार, सुकलेल्या हारासकट.

तो बसला नाही. त्याला वाटलं, बसलो तर सांगणं होणार नाही.

"काकू, मी तुमाले फसवलं," तो म्हणाला. "थे तिथं ठेवली आहे ना, थे नयनची मोटार नाई. माह्याजवळ दुसरी होती, थे जोडून देल्ली. मले डबा बंद पाह्यजे होता. नयनची तशीच ठेवून घेतली म्या."

ती त्याच्याकडं बघत राहिली. हातातलं वांगं हातातच. तिला कळलं की नाही हेच समजेना.

"मंग पोळ्यात नेली थे..."

"थे नाई. चूक झाली माही. चूक कायची, पाप झालं. पण काकू, हे पाहा." त्यानं डबा उघडला आणि पोराची मोटार तिच्या ओंजळीत ठेवली.

आनंदाबाईनं आधी त्या लाल रंगाला बोट लावलं, मग ते बोट नाकाशी नेलं.

"हा तं हिंगूळ आहे," ती सावकाश म्हणाली. "हा आपला हिंगूळ. पोळ्यासाठी आनून ठेवलता यायनं, नयनच्या बापानं. निम्मा कमी निंघाला. उंदरानं सांडवला म्हनून यायनं पिंजरा लावलता घरात." ती थांबली. "भाऊ, हे कोनी केलं?"

"नयननं."

"त्यानं उघडली होती?"

"हो काकू. उघडली, जोडाले घेतली, रंगवली. तुमी बजारात जात असान तवा काढत असन. अन् तुमाले समजू नये म्हनून झाकण खळीनं चिकटवून परत फळीवर ठेवत असन. तान्ह्या पोळ्याची तयारी चालू होती त्याची."

"म्हनून मागनं सोडलं," आनंदाबाई म्हणाली. कोणाला म्हणाली, सांगता येत नाही. "म्हनून सोडलं त्यानं मागनं. अन् मी..."

धनंजयनं तिला काचेवरचा ठसा दाखवला. तिनं मोटार डोळ्याजवळ नेली, उन्हात तिरपी केली. मग आपलं बोट, मातीनं आणि भाजीच्या डागांनी काळं पडलेलं, त्या ठशावर टेकवलं. ठसा पुरा झाकला गेला. तिनं बोट उचललं, पाहिलं, पुन्हा टेकवलं.

"काकू, मी तुमची माफी..."

"थांबा हो जरा," ती म्हणाली, आणि हातानं त्याला बाजूला सारल्यासारखं केलं.

तिचे खांदे हलू लागले. धनंजयला वाटलं, रडते आहे. पण ती हसत होती. तोंडावर पदर धरून, कितीतरी वर्षांनी सापडलेल्या लेकराच्या खोडीवर आई हसते तशी, डोळ्यांतून धारा लागलेल्या. "वांड्या," ती मोटारीला म्हणत होती, "कारे वांड्या, मायले फसवतं? मी गावभर सांगत फिरली, माहं पोरगं हात लावत नाई म्हनून. अन् तुह्ये हात हिंगळानं भरलेले?"

वांगी पोत्यावरून घरंगळून अंगणभर झाली. तिचं तिकडं लक्ष नव्हतं आणि धनंजयकडंही नव्हतं. त्याचं खोटं, त्याची चूक, त्याची माफी, यातलं काही तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तो हात जोडून उभा होता तसाच राहिला.

"खेळून गेलं," ती म्हणाली. "खेळून गेलं वं माय, माहं पोरगं खेळून गेलं."